प्रशांतची सीडी

कॉलेजसाठी जव्हारला आत्याकडे राहायला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन शर्ट, एक पँट, आईने बांधून दिलेली खुरासणीची चटणी आणि नागलीचं पीठ एवढंच होतं. गाणं वाजवणारी आमच्या घरातली एकमेव वस्तू म्हणजे बाबांचा रेडिओ. त्याचे सेल उतरले की आई ते चुलीच्या कडेला ठेवून गरम करायची, मग तो आणखी दोन दिवस बोलायचा. जव्हार तालुक्यातच, वांगणीच्या पुढे आमचा पाडा. तिथे विजेचे खांब होते, तारा होत्या, वीज मात्र तिच्या मर्जीने यायची. त्यामुळे गाणं ही आपल्याजवळ ठेवायची वस्तू आहे, हे मला माहीत नव्हतं. गाणं येतं आणि जातं, तेव्हा आपण तिथे असलो तर ऐकायला मिळतं, इतकीच माझी समज होती.

आत्याचे मालक शाळेत मास्तर होते. सगळं जव्हार त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मीही गुरुजीच म्हणायचो, आणि ते घरी असले की खुर्चीत बसायचो नाही. तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत गुरुजींचं टेबल आणि टेलिफोन, मधल्या खोलीत स्वयंपाक, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. आत्याने लोकरीचं विणलेलं झाकण त्याच्यावर घातलेलं असायचं, देव्हाऱ्यावर घालतात तसं. सकाळी आत्या उडदाच्या डाळीचं वाटण मिक्सरला लावायची, तेवढ्यात एसटी डेपोतून नाशिकच्या गाडीची घोषणा ऐकू यायची, आणि मागच्या खोलीतून प्रशांतचं पहिलं गाणं सुरू व्हायचं. प्रशांत माझा आतेभाऊ. माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गात. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता, की त्याचे वडील शिकलेले होते आणि माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हा फरक केवढा आहे ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आज थोडंफार सांगता येतं.

प्रशांतकडे गाणी किती होती याचा हिशोब खुद्द त्यालाही नव्हता. ठाण्याला कामाला गेलेला कोणी मित्र सुट्टीला आला की पेन ड्राइव्ह घेऊन यायचा. बाजारातल्या सीडी यायच्या, वसईला लागलेल्या एका मावसभावाने तर अख्खी हार्ड डिस्क आणून ओतली होती. सगळं एकाच ढिगात पडलेलं. एकेक गाणं चार-चारदा. निम्म्या गाण्यांची नावं ‘ट्रॅक वन’, उरलेल्यांना कुठल्याशा वेबसाइटचं लांबलचक शेपूट. प्रशांतला हवं ते गाणं सापडलं नाही तर तो दुसरं लावायचा, त्याला काही फरक पडायचा नाही. मला पडायचा. मी संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतो आणि फोल्डर म्हणजे काय ते नुकतंच शिकलो होतो. एका रविवारी मी त्याला भीत भीत विचारलं, मी हे सगळं नीट लावून देऊ का. तो पलंगावर आडवा पडला होता, म्हणाला, लाव की, कोण नको म्हणतंय.

मग कित्येक रविवार मी तेच केलं. सिनेमाची वेगळी, भजनाची वेगळी, लग्नात वाजवायची बँडची वेगळी, कोणी कधी भरून आणलेला गौरीनाचाचा आणि तारप्याचा आवाज वेगळा. एकेक गाणं थोडं वाजवून, ओळखून, त्याला नाव द्यायचं. दोनदा असलेलं एक काढून टाकायचं. सीडी भरायची तर आणखी एक काम असायचं. आमच्याकडे तेव्हा लोकांच्या घरी टीव्हीला जोडलेले स्वस्तातले प्लेअर होते, जीपमध्ये बसवलेले सीडीचे टेप होते. त्यांवर गाण्याचं नाव दिसायचं नाही, नुसता आकडा दिसायचा. म्हणून मी प्रत्येक सीडीसोबत कागदाची चिठ्ठी लिहायचो. अमुक आकड्याला अमुक गाणं, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी. माझं अक्षर चांगलं होतं. गुरुजींनी एकदा ती चिठ्ठी हातात घेऊन पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, तेवढी शाबासकी मला आठवडाभर पुरली.

सीड्या गावोगाव गेल्या. वर्गातली मुलं न्यायची, त्यांच्याकडून त्यांचे भाऊ न्यायचे. एकदा मी घरी निघालो होतो, जीपमध्ये मधल्या सीटवर पाचवा. टेपवर गाणं लागलं आणि समोर काचेच्या कडेला खोचलेली चिठ्ठी दिसली. माझ्या अक्षरातली. घामाच्या बोटांनी मऊ पडलेली. मी धीर करून ड्रायव्हरला म्हटलं, गाणी चांगली आहेत.

“मग काय,” तो म्हणाला, “प्रशांतची सीडी हाय. जव्हारचा, गुरुजींचा पोरगा. तुला नाय माहीत?”

मी म्हटलं, ऐकून आहे. घरी पोचेपर्यंत तो त्या चिठ्ठीत बघून आकडे दाबत होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मला जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण तो सख्ख्या आतेभावाबद्दल वाटतो, ज्याच्या घरचं आपण खातो त्याच्याबद्दल वाटतो, हे पुस्तकात नव्हतं.

प्रशांत वाईट असता तर बरं झालं असतं. तो वाईट नव्हता. परीक्षेच्या वेळी माझ्यासाठी दिवा सोडून तो पुढच्या खोलीत जाऊन झोपायचा. गुरुजींनी त्याला काडेपेटीएवढा एक प्लेअर आणून दिला होता, एका सेलवर चालणारा. त्याच्या इअरफोनचं एक बोंडूक तो माझ्या कानात घालायचा आणि दुसरं स्वतःच्या, आणि आम्ही तसेच बांधल्यासारखे कॉलेजपर्यंत चालत जायचो. लोकांनी गाण्यांबद्दल त्याला चांगलं म्हटलं की तो हसून मान हलवायचा. हे काशीने लावून दिलंय, असं माझं नाव घेऊन त्याने एकदाही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. ते सांगायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं. मला तेच जास्त लागायचं.

त्याच वर्षी मंदाताईचं लग्न ठरलं. मंदाताई माझी मोठी बहीण. मला कॉलेजला पाठवायचं ठरलं तेव्हा तीच दोन हंगाम वीटभट्टीवर गेली होती. मुलगा मोखाड्याच्या पलीकडचा, खोडाळ्याच्या वाटेवरचा. आमच्याकडे लग्न लावायला भट येत नाही, धवलेरी येते. ती गात गात लग्न लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेला असतो, त्याच्यापुढे बसून ती एकेका देवाला गाण्यातून बोलावते, आणि नवरानवरीचं नाव गाण्यात घालून त्यांना एकमेकांच्या हाती देते. ते गाणं झालं म्हणजे लग्न झालं. आमच्या पाड्यावरची धवलेरी म्हणजे माझी चुलती, जानकी काकी. तिचा आवाज फार गोड होता असं नाही, जाड होता, पण मांडवाच्या बाहेर बैलांपाशी उभं राहिलं तरी शब्द कळायचा.

प्रशांत लग्नाला आदल्या दिवशीच आला. निळ्या शर्टात, गळ्यात दोरीने तो प्लेअर. त्यात आवाज भरूनही घेता येतो हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, पण ते काकीचं गाणं भरायला वापरावं हे त्याला सुचलं, मला नाही. माझ्याच घरातलं लग्न, माझीच काकी. त्याने सरळ जाऊन तिला विचारलं. काकीने ती वस्तू उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाली, एवढ्याशात माझं गाणं मावेल काय. सगळ्या बायका हसल्या. मग तिने मण्यांच्या माळांमध्ये तो प्लेअर गळ्यात अडकवून घेतला आणि प्रशांतच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

त्यानंतर दिवसभर सगळ्या मांडवाचं लक्ष त्या दोघांकडे होतं. निदान मला तसं वाटलं. पोरं त्याच्याभोवती. सेल उतरला की काकी गाता गाता हात वर करायची, तो पुढे सरकून सेल बदलायचा, पुन्हा बटण दाबायचा. असं दोनदा झालं. मी पाण्याचे हंडे आणत होतो, पळसाच्या पत्रावळी मांडत होतो, भाताच्या तपेल्याला हात लावत होतो, आणि जाता-येता तिकडे बघत होतो. काकी काय गातेय याकडे माझं लक्ष नव्हतं. तो किती पुढे बसलाय, त्याला पाणी कोणी दिलं, बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून काय म्हणाले, हे सगळं मी पाहिलं. आजही मला त्याच्या शर्टाची निळी बाही आठवते. मंदाताईच्या लुगड्याचा रंग आठवत नाही.

लग्न झालं. गाणी प्रशांतने घरी जाऊन कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि प्लेअर मोकळा केला. सेल दोनदा बदलल्यामुळे तीन तुकडे झाले होते. मंदाताईच्या सासरी टीव्ही होता, सीडीचा प्लेअर होता. निघताना तिने प्रशांतला सांगितलं होतं, मला ती गाणी दे. तो म्हणाला, आठ दिवसांत देतो ताई. त्याचे आठ दिवस म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. सीडी आणायची राहिली, मग कॉम्प्युटरचा सीडी रायटर बिघडला, मग परीक्षा आल्या. मला ते करून देता आलं असतं. त्याने सांगितलं असतं तर लगेच केलं असतं. पण मी आपणहून केलं नाही. उशीर होतोय आणि तो त्याच्यामुळे होतोय, हे मला आतून बरं वाटत होतं. असं लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मोखाड्याच्या बाजारच्या दिवशी दुपारी पुढच्या खोलीतला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे बाजाराचा गलका आणि मंदाताई. कॉइन बॉक्सवरून बोलत होती. लग्नानंतर पहिल्यांदा तिचा आवाज ऐकत होतो.

“काशी, तू हायस का?” ती म्हणाली. “प्रशांत नाय का घरी?”

तो बाहेर गेलाय म्हणून सांगितलं. मग तिने आईची चौकशी केली, माझ्या अभ्यासाची केली, सगळं केलं. ठेवता ठेवता म्हणाली, त्याला सांग, गाणी पाठव म्हणावं, मला इकडं करमत नाय. फोन बंद झाल्यावर मी तिथेच उभा राहिलो. करमत नाही हे तिने मला सांगितलं, पण त्यावरचा इलाज त्याच्याकडे मागितला.

त्याच सुमाराला माझी स्कॉलरशिप आली होती आणि मी एक वापरलेला मोबाइल घेतला होता. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड बसायचं. मी ठरवलं, गाणी आपण कार्डात घ्यायची, आपण खोडाळ्याला जायचं, आपल्या हाताने तिच्या कानात बोंडूक घालायचं. इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत बाहेर गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. कार्ड रीडरमध्ये कार्ड घातलं, तिन्ही फायली निवडल्या. आता ‘कॉपी’ म्हटलं असतं तर मूळ गाणी कॉम्प्युटरवर राहिली असती आणि त्यांची प्रत माझ्याकडे आली असती. मी ‘कट’ म्हटलं. कट केलं की वस्तू इकडून उचलली जाते आणि तिकडे ठेवली जाते, इकडे काही उरत नाही. चूक झाली नाही माझी. माझं बोट दोन शब्दांवर थोडा वेळ थांबलं होतं. त्या क्षणी मला काय हवं होतं ते मला स्वच्छ आठवतं. गाणी माझ्याकडे असावीत एवढं पुरेसं नव्हतं. ती त्याच्याकडे नसावीत, हे हवं होतं.

त्या वर्षांत भारनियमन कडक होतं. वीज कुठल्या वेळी जाणार त्याचा तक्ता गुरुजींनी पेपरातून कापून भिंतीला चिकटवला होता. मी तो बघितला होता, दुपारपर्यंत वीज होती. पण तक्ता आठवड्याआड बदलायचा आणि नवा लावायचा राहिला होता. पहिली फाइल गेली, दुसरी गेली, तिसरी सुरू होत होती. मधल्या खोलीत आत्याचा मिक्सर फिरत होता, तो एकदम थांबला. पंखा थांबला. पडदा काळा झाला. यूपीएस केव्हाच मेलं होतं, ते एक शिट्टी देऊन गप्प बसलं. आत्या तिथूनच म्हणाली, मेली आज लवकर गेली. मी कार्ड रीडरकडे बघत बसलो, त्याच्यातला बारीक लाल दिवाही विझला होता.

वीज आली तेव्हा कॉम्प्युटरवर फक्त तिसरी फाइल होती. कार्डात नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं होती. मोबाइलमध्ये घातलं तर तो विचारायला लागला, कार्ड पुसून नवं करू का. मी कार्ड घेऊन बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे गेलो, त्याने त्याच्या मशीनला लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, पुन्हा पाहिलं. सिनेमाची दोन गाणी निघाली, फोन घेताना आधीच्या मालकाची राहिलेली. काकीचा एक शब्द निघाला नाही.

प्रशांतला सांगायला मी दोन दिवस लावले. सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास हातात धरून त्याने ऐकलं आणि इतकंच विचारलं, “कॉपी का नाही केलंस?” मी म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरवर जागा कमी होती, म्हणून उचलून ठेवत होतो. तो ताटावरून उठला. हात धुऊन मागच्या खोलीत गेला, मी मागोमाग. त्याने कॉम्प्युटर लावला. पडद्यावर हार्ड डिस्कची रिकामी जागा दिसत होती, अर्ध्याहून जास्त. ती त्याने पाहिली, मीही पाहिली. मग त्याने उरलेली तिसरी फाइल लावली.

त्या तुकड्यात गाणं जवळजवळ नव्हतं. काकीचं गाणं संपत आलेलं, मग पंगत, भांडी, बाबा मीठ मागतायत, कुणाचं पोर रडतंय. आणि अगदी जवळून, प्लेअरच्या शेजारीच उभं राहून बोलल्यासारखा माझा आवाज. “त्या पाहुण्याला सांग, ते डबडं ठेव नि पाणी वाढायला ये. आलाय मोठा शूटिंगवाला.” हे मी बोललो होतो हे मी विसरूनही गेलो होतो.

प्रशांत हसला. “हे मी उतरवलं त्याच दिवशी ऐकलंय,” म्हणाला. “मंदाताईला देताना कापून टाकणार होतो, मग राहिलं.” त्याने फाइल बंद केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी त्याला शिव्या देऊ शकलो असतो. त्याने मला तेवढीही जागा ठेवली नाही.

शनिवारी मी पाड्यावर गेलो. काकी अंगणात सुपाने वरई पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, वीज गेल्याचं सांगितलं, कट केल्याचं नाही. मग मोबाइल काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मंदाताईची गाणी परत एकदा म्हणशील का, मी भरून घेतो. काकी बोलली ते आमच्या बोलीत. इथे लिहिताना ते शाळेच्या मराठीत सरळ होऊन बसतं, त्याला माझा इलाज नाही.

“कुठं म्हणू?” ती म्हणाली.

“इथंच. कोणी नाय आता.”

“मांडव नाय, चौक नाय, नि नवरी सासरी. देव बोलावले नि ते आले, तर त्यांना काय दाखवू? हे सूप?” ती पाखडतच होती. “नि लग्न लागलेल्या पोरीचं नाव दुसऱ्यांदा घ्यायचं नसतं. घेतलं म्हणजे पहिलं मोडलं असं होतं. तुझ्या बहिणीचं मोडायचं काय तुला?”

मी नाही म्हटलं. तिला एक तरी ओळ म्हण, नाव न घेता म्हण, असंही म्हणून पाहिलं. नाव नसलेलं लग्नाचं गाणं म्हणजे काय, असं तिने विचारलं. पुढच्या लग्नात भरून घेता आलं असतं, पण त्यात त्या नवरीचं नाव असणार. मंदाताईचं लग्न एकदाच व्हायचं होतं आणि ते होऊन गेलं होतं. काकीने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं. तिला माझी कीव आली असावी, कारण आवाज हळू झाला.

“एवढं तोंड कशाला पाडतोस पोरा? मशीनमधलं गेलं तर जाऊ दे. तू तर तिथंच होतास. ऐकलंस ना?”

मी मान हलवली. हो म्हणून. आणि अंगणात उभा राहून मनात शोधायला लागलो. तिच्या नावाची ओळ कुठली, नवऱ्याच्या नावाची कुठली, कोणत्या देवाला आधी बोलावलं. काही नव्हतं. दिवसभर मी त्या मांडवात होतो, त्या आवाजापासून दहा पावलांवर, आणि माझ्या डोक्यात फक्त एक निळी बाही होती.

पुढच्या रविवारी प्रशांत म्हणाला, चल, मंदाताईकडे जाऊन येऊ, तिला सांगायला तर पाहिजे. मोखाड्यापर्यंत एसटी, पुढे जीप. सबंध वाटेत मी वाक्य जुळवत होतो. ताई, माझ्याकडून गाणी गेली. नको, आधी गुन्हा सांगू, मग गाणी. ताई, मी मुद्दाम केलं. असं मोडत, जोडत आम्ही तिच्या दारात पोचलो. ती भाकरी थापत होती. आम्हाला बघून पिठाच्या हातानेच उठली, आणि पहिल्यांदा प्रशांतच्या हाताकडे बघितलं, सीडी आहे का म्हणून. मी तोंड उघडलं.

“मंदाताई, गाणी माझ्या हातून गेली,” प्रशांत म्हणाला. “मशीन साफ करताना पुसली गेली. शेवटचा तुकडा तेवढा राहिलाय.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग तिने विचारलं, सगळी? तो हो म्हणाला. तिने डोळे पुसले, ते धुरामुळे की कशामुळे कळलं नाही, आणि म्हणाली, “तुझं लग्न ठरू दे. काकीला सांगते, सगळ्यांची नावं घे नि याचंच गाळ.” तिचा नवरा हसला, प्रशांत हसला. मीही हसलो. भाकरीवर उडदाची आमटी वाढताना तिने प्रशांतला एक पळी जास्त वाढली. मला वाटतं त्याच पळीबरोबर तिने त्याला माफ करून टाकलं.

परत येताना जीपमध्ये मी त्याला विचारलं, असं का सांगितलंस. तो म्हणाला, तुझी सख्खी बहीण आहे, तिच्याशी तुझं बिनसायला नको, माझं काय. त्याच्या बोलण्यात काही डाव नव्हता, खरंच नव्हता. मी त्याचे आभार मानायला हवे होते. पण मला काय वाटलं ते सांगतो. गाणी त्याची, सीडी त्याची, काकीचा हात त्याच्या गालावर. माझ्या नावावर सांगता येईल अशी एक गोष्ट त्या सगळ्यात होती, ती माझी चूक. तीही त्याने घेतली. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण मला भीती वाटली. पुढे गप्प बसत गेलो, कारण इतक्या उशिरा कसं सांगायचं ते कळेना.

आता चाळिशी ओलांडली. मी नोकरीला लागलो, प्रशांतही लागला, नाशिकला असतो. गाणी आता कोणी जवळ ठेवत नाही, फोनला नाव सांगितलं की वाजतात. माझ्याकडे मात्र त्या काळातल्या फायली अजून आहेत, एका डिस्कवरून दुसरीवर करत आणलेल्या. प्रत्येक वेळी मी कॉपी करतो, दोन ठिकाणी ठेवतो, मगच जुनी पुसतो. बायको म्हणते, एवढं जपून ठेवता आणि ऐकत तर कधी नाही.

मंदाताईकडे आम्ही जमतो तेव्हा तो विषय निघतोच. प्रशांत आला की ती आतून ओरडते, मोबाइल लपवा रे, पुसणारा आला. तिची मुलं हसतात, त्यांनाही ती गोष्ट पाठ झाली आहे. प्रशांत हात जोडतो. मग ती त्याला आग्रहाने वाढते, आणि त्या दोघांच्या हसण्यात असं काहीतरी असतं जे माझ्या आणि तिच्यात नाही. एका मोठ्या गोष्टीची माफी झालेली माणसं जशी मोकळी असतात, तशी ती दोघं मोकळी आहेत. मी शेजारीच बसलेला असतो. इतक्या वर्षांत माझं वजन वाढलं, केस गेले, पण त्या वेळी मला जे वाटतं ते जीपमधल्या त्या मधल्या सीटवर वाटलं होतं तेच आणि तेवढंच असतं.

प्रशांतला मी विचारलं, हे लिहू का. तो म्हणाला, कशाला आता, तिला पुन्हा त्रास. मी म्हटलं, या वेळी मला सांगू दे. मंदाताईला वाचायला वेळ लागतो, चष्माही लागतो, पण तिची मुलगी शिक्षिका होतेय, ती वाचून दाखवील. चिडली की मंदाताई बोलत नाही, महिनामहिना बोलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तशी ती माझ्याशी बोलणार नाही. वाढतानाही माझ्या ताटाकडे बघणार नाही. चालेल. तो राग इतकी वर्षं प्रशांतच्या नावावर होता. आता तो मला पाहिजे.